तारा तिकोनी दिसतोय? आधी आरशाच्या क्लिपा बघा

भाऊ, तुमची पोस्ट वाचली आणि जुना राग पुन्हा वर आला. तुम्ही नागपूरच्या बेसा भागात गच्चीवर सरकत्या पत्र्याची खोली बांधली, आठ इंची न्यूटोनियन (आरशाची दुर्बीण) बसवला, कॉलिमेशन (आरसे एका रेषेत जुळवणं) पुन्हापुन्हा केलं, तरी तारा तिकोनी. आणि विकणारे म्हणतात, "हवा खराब आहे." माझ्यासोबत अगदी हेच झालं होतं.

कॉलिमेशन तुम्हाला येतं, त्यावर बोलत नाही. हवेमुळे बिघडलेला तारा थरथरतो, क्षणाक्षणाला आकार बदलतो. तिकोन रात्रभर तसाच राहत असेल तर हवेला दोष देऊ नका. नुसता आयपीस (डोळ्याजवळचं भिंग) फिरवा. तिकोन त्याच्यासोबत फिरला तर आयपीस बदला. जागीच राहिला तर माझा पहिला संशय मुख्य आरसा धरून ठेवणाऱ्या तीन क्लिपांवर. त्या जास्त आवळल्या की काच किंचित वाकते, तेवढंही ताऱ्याला पुरतं.

चाचणी ध्रुवताऱ्यावर करू नका. तो जागचा हलत नाही म्हणून सगळे तोच सुचवतात, पण नागपुरात तो क्षितिजापासून जेमतेम 21 अंशांवर. तिथला प्रकाश जाड हवेतून येतो आणि विकणाऱ्याला आयती सबब मिळते. डिसेंबरच्या सुरुवातीला रात्री साडेनऊ-दहाला मेष राशीतला हमाल हा तारा जवळपास डोक्यावर असतो, तेजाने दुसऱ्या प्रतीचा, चाचणीला अगदी योग्य. छप्पर मात्र सूर्यास्तालाच सरकवा. आपला स्लॅब दिवसभराची उष्णता रात्री उशिरापर्यंत सोडत राहतो, आणि पत्र्याखाली तापलेला आरसाही निवायला हवा.

आता माझ्या वेळचं दुर्बिणीचं सर्व्हिस ऑफिस. नाव घेत नाही. फोटो पाठवला तर व्हिडिओ मागितला. व्हिडिओ पाठवला तर नवी तक्रार नोंदवायला लावली. दर वेळी फोनवर नवा माणूस, त्याला पहिल्यापासून सगळं सांगा. क्लिपा सैल करून बघू का विचारलं, तर उत्तर ठरलेलं: "आरशाला हात लावला तर वॉरंटी रद्द." या टोलवाटोलवीत थंडी गेली. आपल्याकडे निरीक्षणाचे खरे महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पुढे ऊन, धूळ, मग चार महिने ढग. माणूस पै पै जमवून दुर्बीण घेतो, त्याचा अख्खा हंगाम असा खाल्ला जातो आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही, हे मला आजही सहन होत नाही. वॉरंटी संपल्यावर मागचा भाग उघडला. आरशाच्या काठावर तिन्ही ठिकाणी क्लिपांच्या रबराचे काळपट ठसे उमटले होते, इतक्या त्या घट्ट होत्या. स्क्रू जरासे ढिले केले आणि त्याच रात्री तारा गोल.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: फोनवर बोलणं बंद करा. ईमेलवर लिहा, "क्लिपांचे स्क्रू सैल करायची लेखी परवानगी द्या, नाहीतर दुर्बिणीची नळी बदलून द्या." उत्तर टाळलं तर ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे, तिथे तक्रार टाका. वाट बघत बसू नका.

परवानगी मिळाली की नळी आडवी ठेवून सेल (आरसा बसवलेली मागची चौकट) काढा. क्लिप आणि आरसा यांच्यामध्ये कागदाची पट्टी सहज सरकली पाहिजे; क्लिपचं काम आरसा पडू न देणं एवढंच, दाबून धरणं नाही. काचेला बोट लावू नका. मग पुन्हा कॉलिमेशन. मी न्यूटोनियनच वापरली आहे, दुसऱ्या प्रकाराच्या नळीला हे जसंच्या तसं लावू नका. आणि आरसा काढायची भीती वाटत असेल तर आधी कुणी केलेलं असेल त्याला सोबत घ्या.

पिअर (दुर्बिणीखालचा खांब) अजून ओतायचा आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणून एक सांगतो. 21 अंशांवर माउंट (दुर्बीण फिरवणारा आधार) लावला की त्याचा ध्रुवाकडे रोखलेला अक्ष जवळजवळ आडवा झोपतो आणि तोल साधणारी वजनं पिअरला घासू शकतात. पिअरचं वरचं टोक बारीक ठेवा आणि ओतण्याआधी माउंट त्या 21 अंशांवर लावून फिरवून बघा.

सेल उघडलात तर क्लिपा नीट दिसतील असा फोटो इथे टाका, बघून सांगतो.