टाऊनमधलं डिनर नंतर ठरवा, आधी ती पॉलिसी परत करा

घोडबंदर रोडवरून एका वाचकांचं पत्र आलंय, जरा थोडक्यात देते:

"वय 38, प्रायव्हेट नोकरी, हातात 92 हजार, होम लोनचा हप्ता 38 हजार, लोन अजून 40 लाख बाकी. लग्नाला दहा वर्षं होतायत म्हणून 22 तारखेला शनिवारी मी, मिसेस आणि नऊ वर्षांची मुलगी एका रात्रीसाठी टाऊनला (दक्षिण मुंबईत) राहायला जातोय, फोर्टमध्ये हॉटेल घेतोय. जेवणासाठी 15 हजार बाजूला ठेवलेत, क्रेडिट कार्डवरच करणार. बँकेच्या आरएमने (रिलेशनशिप मॅनेजरने) नवीन पॉलिसी घेतल्याबद्दल 5 हजारांचं डायनिंग व्हाउचर दिलंय, एका फाइव्ह स्टारमधलं, किमान बिल 12 हजार. तर डिनर तिथे करू की त्रिशना या सीफूड रेस्टॉरंटला? ब्रिटानिया हे इराणी रेस्टॉरंट पण डोक्यात आहे. पॉलिसी वर्षाला 1 लाखाची, 10 वर्षं भरायचं, 20 व्या वर्षी गॅरंटीड डबल. पहिला प्रीमियम कार्डवर मारला, पॉइंट्स पण मिळाले. कार्डवर एकूण 1 लाख 30 हजार दिसतायत, त्यातले 30 हजार जुने, पण मिनिमम ड्यू वेळेवर भरतो त्यामुळे टेन्शन नाही. 2 लाखांची एफडी आहे, ती मोडायची नाही. पॉलिसीचं डॉक्युमेंट मागच्या महिन्यात 18 ला मेलवर आलंय, ट्रिपहून आल्यावर निवांत वाचेन. टॅक्सचं नवीन रिजीम आहे."

तुमचं शेवटून दुसरं वाक्य वाचून मी बाकीचं सगळं बाजूला ठेवलं. ट्रिपहून आल्यावर वाचलंत तर उशीर झालेला असेल. पॉलिसीचं डॉक्युमेंट हातात आल्यापासून 30 दिवस तुम्हाला ती परत करायचा हक्क असतो, त्याला फ्री लुक पिरियड म्हणतात, आणि मेलवर आलेलं डॉक्युमेंट पण धरलं जातं. 18 ला आलंय म्हणजे या महिन्याच्या 17 ला मुदत संपते, आणि तुम्ही टाऊनला निघताय 22 ला. त्यामुळे कुठे जेवायचं ते मी खाली सांगते, पण हे या आठवड्यात उरकायचं.

का परत करायची ते आधी बघा. "गॅरंटीड डबल" ऐकायला फार मोठं वाटतं, पण डबल किती वर्षांत ते कोणी बोलत नाही. तुम्ही दहा वर्षं एकेक लाख भरणार, पैसे मिळणार 20 व्या वर्षी 20 लाख, म्हणजे तुमचा प्रत्येक लाख सरासरी साडेपंधरा वर्षं अडकून पडणार आणि मग दुप्पट होणार. याचा दर निघतो वर्षाला साडेचार टक्क्यांच्या आसपास. तुमची त्याच बँकेतली एफडी सुद्धा याच्यापेक्षा जास्त देते. पीपीएफला, म्हणजे सरकारी बचत योजनेला, एप्रिल 2020 पासून 7.1 टक्के आहे, दर तिमाहीला सरकार दर बघतं त्यामुळे पुढे खालीवर होईल, पण हाच दर धरला तर तेच दहा लाख, त्याच वर्षांत भरून, 20 व्या वर्षी 29 लाखांच्या पुढे जातात, आणि ते पण टॅक्स फ्री. म्हणजे गॅरंटी या एका शब्दासाठी तुम्ही नऊ लाख सोडताय, आणि पीपीएफला तर सरकारचीच गॅरंटी आहे!

टॅक्स वाचेल असंही आरएमने सांगितलं असणारच. नवीन रिजीममध्ये 80सी ची, म्हणजे विमा-पीपीएफ वगैरेवरची, वजावट मिळतच नाही, त्यामुळे तुमच्या केसमध्ये या प्रीमियमवर एक रुपया वाचत नाही. हे त्याला माहीत नव्हतं असं मी मानत नाही, तुमचा पगार त्याच बँकेत येतो, त्याने तुम्हाला एकदा विचारायला हवं होतं.

आणि विम्याचं काय? अशा पॉलिसीत कव्हर साधारण प्रीमियमच्या दहा पट असतं, म्हणजे 10 लाख. लोन 40 लाख बाकी आहे. उद्या तुम्हाला काही झालं तर मिसेसच्या हातात दहा लाख येतील, बँक चाळीस मागेल, आणि मुलगी चौथीत. मला या सगळ्या पत्रात सगळ्यात जास्त काळजी याची वाटली, कारण तुमच्या मनात "आपला इन्शुरन्स झाला" असं बसलंय आणि तो झालेला नाहीये. तुम्हाला किमान दीड कोटीचा साधा टर्म प्लॅन हवा, ज्यात शेवटी काही परत मिळत नाही तो. तुमच्या वयाला, सिगारेट नसेल आणि तब्येत ठीक असेल तर वर्षाला पंचवीस हजारांच्या आसपास बसेल. "काहीच परत मिळत नाही मग कशाला" हे मला रोज ऐकायला मिळतं. परत मिळत नाही म्हणूनच तो स्वस्त असतो आणि म्हणूनच लाखाच्या चौथ्या हिश्श्यात पंधरा पट कव्हर मिळतं. कंपनीच्या ग्रुप इन्शुरन्सवर राहू नका, नोकरी गेली की तो पण जातो.

आता कार्ड. मिनिमम ड्यू वेळेवर भरतो म्हणून टेन्शन नाही, हे वाक्य मला फार लागतं, कारण चांगले शिकलेले, महिन्याला लाखभर कमावणारे लोक हे लिहितात. मिनिमम भरल्याने फक्त लेट फी लागत नाही आणि तुम्ही डिफॉल्टर ठरत नाही, एवढंच. व्याज चालूच असतं. महिन्याला साधारण साडेतीन-पावणेचार टक्के, वर्षाचे चाळीसच्या वर, आणि त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी वेगळा. तुमच्या 1 लाख 30 हजारांवर महिन्याचं व्याज पावणेपाच हजारांच्या आसपास, जीएसटी धरून साडेपाच. मिनिमम ड्यू पाच टक्के म्हणजे साडेसहा हजार. तुम्ही साडेसहा भरता, त्यातले साडेपाच व्याजात जातात, मुद्दल फक्त हजार रुपयांनी कमी होतं. पुढच्या स्टेटमेंटमध्ये "फायनान्स चार्जेस" आणि त्याच्या खाली जीएसटीची ओळ असते, त्या दोन ओळींवर बोट ठेवून आकडे बघा.

अजून एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. 45-50 दिवस बिनव्याजी मिळतात ते फक्त मागचं बिल पूर्ण भरलेलं असेल तर. तुमचे जुने 30 हजार कार्डवर फिरतच होते, त्यामुळे त्या एक लाखाच्या प्रीमियमला एक दिवसही बिनव्याजी मिळाला नाही, स्वाइप केला त्या दिवसापासून मीटर सुरू. 22 तारखेचं जेवण कार्डवर केलंत तर त्यालाही तेच. पॉइंट्सची किंमत काढून बघा, पाचशे रुपयांच्या पुढे जाणार नाही. चाळीस टक्क्यांनी उधार घेऊन साडेचार टक्क्यांवर ठेवायचे, असा हा सगळा व्यवहार झालाय.

म्हणून एफडी मोडा. मला माहितीये एफडी मोडायची म्हटलं की आपल्याकडे घरातलं सोनं विकल्यासारखं वाटतं. पण 2 लाखांवर वर्षाला तेरा-चौदा हजार व्याज मिळतं, ते पण टॅक्सच्या आधी, आणि तिकडे कार्डवर महिन्याला साडेपाच म्हणजे वर्षाला 65 हजारांच्या वर जातायत. मुदतीआधी मोडायची पेनल्टी साधारण अर्धा ते एक टक्का, म्हणजे फार तर दोन हजार. आज मोडा, आजच कार्डचं पूर्ण बिल भरा, पॉलिसीच्या रिफंडची वाट बघत बसू नका. रिफंड आला की त्याची परत एफडी करा. म्हणजे हातात साधारण 1 लाख 70 हजार राहतील आणि कार्ड शून्यावर. 92 पगार आणि 38 हप्ता असलेल्या घरात किमान 3 लाख तरी हाताशी हवेत, तर वर्षाला लाखाचा प्रीमियम वाचला तो पहिले दीड वर्ष तिकडेच टाका, मग पीपीएफ वगैरे बोलू.

परत कशी करायची. आरएमला फोन करू नका, मेल थेट विमा कंपनीला करायचा, तिचा ग्राहक सेवेचा पत्ता पॉलिसीच्या पहिल्या पानांवर असतो. लिहायला दोन-तीन वाक्यं पुरतात: पॉलिसी नंबर अमुक, डॉक्युमेंट अमुक तारखेला मिळालं, फ्री लुकमध्ये रद्द करत आहे, अटी मान्य नाहीत, रक्कम या खात्यात जमा करा. सोबत कॅन्सल्ड चेक आणि ओळखपत्र. उत्तरात आलेला रिक्वेस्ट नंबर जपून ठेवा, आणि 18 तारखेचा तो डॉक्युमेंटवाला मेल डिलीट करू नका, तारखेचा पुरावा तोच आहे. जमलं तर जवळच्या ब्रँचमध्ये जाऊन शिक्का मारून पोच पण घ्या, ठाण्यात बहुतेक कंपन्यांच्या ब्रँच आहेतच. नियमाप्रमाणे अर्ज मिळाल्यापासून सात दिवसांत पैसे परत द्यायचे असतात. झालेल्या दिवसांचा विम्याचा खर्च, स्टॅम्प ड्युटी आणि मेडिकल केलं असेल तर ते कापतील. रिफंड कार्डवर आला तर बँकेला सांगून खात्यात वळवून घ्या. टाळाटाळ झाली तर आयआरडीएआयच्या (विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या संस्थेच्या) बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार टाका.

मेल गेला की आरएमचा फोन येणारच. "सर आता तर एक वर्षानंतर पण पैसे मिळतात, घाई कशाला" म्हणेल. ऑक्टोबर 2024 पासून सरेंडरचे, म्हणजे पॉलिसी मधेच बंद करायचे, नियम सुधारलेत हे खरंय, पहिलं वर्ष पूर्ण झाल्यावर काहीतरी हातात येतं, पण ते भरलेल्या पैशाचा एक भागच असतो. आत्ता जवळजवळ सगळे मिळतायत. "माझी नोकरी जाईल सर" असंही म्हणतील, वाईट वाटेल, तरी मेल मागे घेऊ नका.

आता व्हाउचर. ते वापरूच नका, परत करा. विमा कायदा 1938 च्या कलम 41 प्रमाणे पॉलिसी घ्यायला आमिष म्हणून कमिशनमधला वाटा किंवा प्रीमियमवर सूट द्यायला मनाई आहे, घ्यायलाही आहे, आणि तुमच्या हातात पाच हजारांचं व्हाउचर "पॉलिसी घेतल्याबद्दल" म्हणून दिलंय. आणि हिशोबाने पण ते फायद्याचं नाही. किमान बिल 12 हजार, फाइव्ह स्टारमधल्या रेस्टॉरंटला जीएसटी 18 टक्के म्हणजे दोन हजारांच्या वर, व्हाउचरचे पाच वजा करून तुमच्या खिशातून नऊ हजार जातील, सर्व्हिस चार्ज लावला तर दहा-साडेदहा. तिघांच्या एका जेवणाला. बाहेरच्या साध्या रेस्टॉरंटला जीएसटी 5 टक्के.

जा मात्र नक्की. दहा वर्षं झालीत, ट्रिप रद्द करा असं मी अजिबात म्हणणार नाही, फक्त पैसे सेव्हिंग्ज खात्यातून द्या आणि 15 चे 9 करा, त्यात उत्तम होतं. शनिवारी दुपारी सीएसएमटीला उतरून चेक इनच्या आधी सरळ बॅलार्ड इस्टेटला ब्रिटानिया, 1923 पासूनचं आहे, बेरी पुलाव मुलीला पण आवडेल. ते मुख्यतः दुपारचं ठिकाण आहे, रात्रीसाठी धरू नका आणि निघायच्या आधी फोन करून विचारून घ्या. रात्री त्रिशना. खेकडा तिथे साइजप्रमाणे असतो, मेनूवर आकडा नसेल तर ऑर्डर द्यायच्या आधी विचारायचं, लाजायचं नाही, कारण पूर्ण ट्रिपचं बजेट इथेच बिघडतं. एक खेकडा तिघांत आणि बाकी साधं घेतलंत तर पाच हजारांत बसवता येईल. बिलात सर्व्हिस चार्ज दिसला आणि द्यायचा नसेल तर काढायला सांगा, तो सक्तीचा नाही, मार्च 2025 मध्ये दिल्ली हायकोर्टाने पण तेच म्हटलंय, ऐकलं नाही तर 1915 ही ग्राहक हेल्पलाइन आहे.

हॉटेलचं बुकिंग ब्रेकफास्टशिवाय करा. सकाळी धोबी तलावला क्यानी या इराणी कॅफेत बन मस्का, ऑम्लेट, चहा, तिघांचं सहा-सातशेत होतं. येताना माटुंग्याला उतरून रामा नायककडे केळीच्या पानावर जेवा, सेंट्रलच्या स्टेशनला लागूनच आहे. रविवारी तिथे रांग असते, बाराच्या आत पोचा, आणि शनिवारी रात्रीच मेगाब्लॉकचं टाइमटेबल बघून ठेवा, माटुंगा-मुलुंड ब्लॉक असेल तर परतायची वेळ त्याप्रमाणे ठरवा.

मेल पाठवलात की रिक्वेस्ट नंबर मला पण कळवा, 16 तारखेपर्यंत कंपनीकडून पोच आली नाही तर 17 ला ऑफिसला सुट्टी टाकून ब्रँचमध्ये जाऊन बसायचंय.