चावी कोणाच्या हातात? वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

गेल्या अंकातल्या लेखात आम्ही लिहिलं होतं की पाणी, वीज आणि इंधन हे विषय आता परराष्ट्र आणि संरक्षण खात्यांपुढेही एकत्रच येतात. त्यावर ठाणे आणि नवी मुंबईतून बरीच पत्रं आली. त्यातले सहा प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : एप्रिल २०२५ मध्ये भारताने सिंधू जलकरार स्थगित केला. मग दरवाजे लावून पाकिस्तानचं पाणी का तोडता येत नाही? आमच्या नोडमध्ये चावीवाला चावी फिरवतो आणि पाणी बंद होतं. (एक वाचक, घणसोली)

चावी फिरवली की तुमच्याकडे पाणी बंद होतं, कारण न सोडलेलं पाणी मागे नवी मुंबईच्या मोरबे धरणात राहतं. पाकिस्तानकडे जाणाऱ्या चिनाबवर ते ठेवायला जागाच नाही.

हा करार १९ सप्टेंबर १९६० रोजी कराचीत झाला. रावी, बियास, सतलज भारताच्या वाट्याला आल्या. सिंधू, झेलम, चिनाब बहुतांशी पाकिस्तानच्या. या तीन पश्चिमी नद्यांवर भारताला एकूण ३६ लाख एकर-फूट साठवणुकीची मुभा मिळाली. आपल्या ओळखीच्या मापात सांगायचं तर सुमारे १५७ टीएमसी, म्हणजे दीड कोयना. या नद्यांतून वर्षाला वाहून जाणारं पाणी मात्र ५,८०० टीएमसीच्या आसपास आहे. आणि मुभा होती तेवढीही साठवण आपण बांधून पूर्ण केलेली नाही.

चिनाबवरचा बगलिहार प्रकल्प ९०० मेगावॉटचा आहे. विजेच्या मागणीप्रमाणे रोज वर-खाली करता येईल असा साठा तिथे ३.७५ कोटी घनमीटर ठेवायचा होता. पाकिस्तानने हरकत घेतली आणि २००७ मध्ये तटस्थ तज्ज्ञांनी तो ३.२५६ कोटी घनमीटरवर आणला. मोरबेची क्षमता सुमारे १९ कोटी घनमीटर. म्हणजे बगलिहारचा हा खेळता साठा मोरबेच्या सहाव्या हिश्शाएवढाही जेमतेम भरतो. उन्हाळ्यात बर्फ वितळून चिनाबला सेकंदाला १,००० घनमीटर पाणी आलं, तर ही रिकामी जागा नऊ तासांत भरेल. दहाव्या तासाला पाणी सांडव्यावरून पुढे जाणारच.

आपल्या हातात खरी ताकद आहे ती वेळेची. हिवाळ्यात नदी आटलेली असताना पाणी दीड-दोन दिवस रोखून एकदम सोडलं, तर खालच्या पंजाबात गव्हाच्या पाण्याची पाळी बिघडते. गाळ बाहेर काढायला खालचे दरवाजे कधी उघडायचे, यावर करारात बंधनं होती. पुराची आगाऊ सूचना आणि प्रवाहाचे आकडे देणं हाही कराराचाच भाग होता. शेतकऱ्याला पेरणीच्या आणि पाळीच्या तारखा ठरवायला हीच माहिती लागते, त्यामुळे ती थांबली तर नुकसान पाण्याचा एक थेंब न अडवताही होतं.

मोठे साठे किंवा रावीकडे नेणारे बोगदे बांधायचे तर ते भूकंपप्रवण, गाळाने भरलेल्या हिमालयात. तिथे काम वर्षांच्या हिशेबाने चालतं. आणखी एक गोष्ट आम्हाला जास्त काळजीची वाटते. सिंधू, सतलज आणि ब्रह्मपुत्रा तिबेटातून येतात. तिथे चीनने जुलै २०२५ मध्ये ब्रह्मपुत्रेच्या वरच्या प्रवाहावर ६०,००० मेगावॉटच्या नियोजित प्रकल्पाचं काम सुरू केलं. ब्रह्मपुत्रेचं बरंचसं पाणी भारतातल्या पावसाचं आहे, त्यामुळे नदी आटेल ही भीती अतिरेकी आहे. पण पाणी अचानक सोडलं जाणं आणि आकडे न मिळणं हे दोन धोके खरे आहेत. खालच्या देशाला माहिती द्यावी की नाही, यावर आज आपण जे म्हणू तेच उद्या आपल्याला ऐकवलं जाऊ शकतं.

प्रश्न : मी एमपीएससीची तयारी करते. इथिओपियाच्या नव्या धरणामुळे इजिप्तचं पाणी तुटलं, असं उत्तरात लिहावं का? भारत-बांगलादेशाचं असंच उदाहरण कोणतं देता येईल? (एक विद्यार्थिनी, ठाणे पूर्व)

तसं लिहू नका. निळ्या नाईलवरच्या या धरणाचं उद्घाटन ९ सप्टेंबर २०२५ ला झालं. त्याची क्षमता ७,४०० कोटी घनमीटर, म्हणजे जवळजवळ २५ कोयना, आणि वीज ५,१५० मेगावॉट. टर्बाइन फिरवून झालेलं पाणी पुन्हा नदीतच येतं आणि सुदानमार्गे इजिप्तला पोचतं. तोटा होतो तो जलाशय पहिल्यांदा भरताना आणि बाष्पीभवनात. भरणं २०२० ते २०२४ अशा पाच पावसाळ्यांत झालं आणि इजिप्तच्या मागे आस्वान धरणाचा प्रचंड साठा होता, म्हणून ते निभावलं. भांडण पुढचं आहे : सलग तीन-चार वर्षं दुष्काळ पडला तर इथिओपियाने किमान किती पाणी सोडायचं, याचा लेखी नियमच झालेला नाही. १९५९ च्या करारात इजिप्तला ५,५५० कोटी आणि सुदानला १,८५० कोटी घनमीटर असं वाटप झालं. जिथून बहुतेक पाणी येतं तो इथिओपिया त्यात नव्हताच.

भारतासाठी गंगा करार लिहा. तो १२ डिसेंबर १९९६ चा, ३० वर्षं मुदतीचा. गंगेवरच्या फराक्का बंधाऱ्यापाशी १ जानेवारी ते ३१ मे या काळात दर दहा दिवसांच्या सरासरीवर वाटप होतं. प्रवाह ७०,००० क्युसेकपर्यंत असेल तर निम्मा-निम्मा. ७० ते ७५ हजार असेल तर बांगलादेशाला ३५,००० आणि उरलेलं भारताला. त्याहून जास्त असेल तर भारताला ४०,००० आणि उरलेलं बांगलादेशाला. प्रवाह ५०,००० च्या खाली गेला तर? तिथे आकडा नाही, ‘तातडीने चर्चा’ एवढंच आहे. नेमक्या दुष्काळाच्या वेळेसाठीच आकडा नसणं ही या कराराची कच्ची बाजू आहे, आणि परीक्षकाला तुमच्या उत्तरात ती दिसली पाहिजे.

प्रश्न : ठाण्यात पाणीकपातीची चर्चा निघाली की टाटांच्या वीजप्रकल्पाचं नाव निघतं. आपल्या पाण्याचा विजेशी काय संबंध? (एक वाचक, कळवा)

फार जवळचा संबंध आहे. मावळातलं टाटांचं ठोकळवाडीचं आंध्रा धरण मूळचं भीमेच्या खोऱ्यातलं. त्याचं पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून पाइपांतून भिवपुरीला उतरवतात, टर्बाइन फिरवतात आणि मग ते उल्हास नदीला मिळतं. एप्रिल-मेमध्ये उल्हासचा स्वतःचा प्रवाह नावापुरता उरतो. तेव्हा नदीत दिसणारं पाणी मुख्यतः भिवपुरीतून आणि बारवी धरणातून सोडलेलं असतं. बदलापूर, अंबरनाथ, कल्याण-डोंबिवली आणि शहाडच्या उदंचन केंद्रामार्फत ठाणं, सगळे त्यावरच जगतात.

इथेही वाद वेळेचाच. वीज संध्याकाळच्या मागणीला हवी असते, तर नळाला दिवसभर सारखा प्रवाह लागतो. पाऊस लांबला तर साठा जुलैच्या मध्यापर्यंत पुरवायचा म्हणून सोडणं कमी करतात. मग नदीची पातळी जॅकवेलच्या, म्हणजे पंप जिथून पाणी उपसतात त्या विहिरीच्या, तोंडाशी येते, पंप पाण्याबरोबर हवा ओढू लागतात आणि जाळीवर जलपर्णी अडकली की उपसा आणखी घटतो. वर १० टक्के कपात जाहीर झाली तरी शेवटच्या टोकाच्या इमारतीला ती ३० टक्क्यांसारखी भासते ती यामुळे : दाब कमी पडतो आणि अलीकडचे पंप आधी ओढून घेतात.

हे पाणी मूळचं पूर्वेकडे, भीमेतून कृष्णेला जाणारं आहे आणि सोलापूरकडचे शेतकरी ते मागतात, हे ठाणेकरांनी मनात ठेवायला हवं. कृष्णा पाणीवाटप लवादाने पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला मर्यादा घातल्या आहेत. कोयनेसाठी ती वर्षाला ६७.५ टीएमसी आहे. आणि टाटांच्याच मुळशीच्या धरणात गावं बुडणार म्हणून १९२१ मध्ये झालेला सत्याग्रह ज्यांच्या घरात अजून सांगितला जातो, त्यांना हा प्रश्न जुना वाटत नाही. आपली बाजू मांडायची असेल तर कारखान्यांना आणि बागांना नळाचं पाणी देणं आधी थांबवून प्रक्रिया केलेलं सांडपाणी द्यायला हवं. ते न करता जास्त पाणी मागणं न्यायाचं नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे.

प्रश्न : हवामानबदल हा सुरक्षेचा प्रश्न आहे असा ठराव आला तेव्हा भारतानेच विरोध केला, हे खरं का? (एक वाचक, बेलापूर)

खरं आहे. १३ डिसेंबर २०२१ रोजी आयर्लंड आणि नायजर यांनी सुरक्षा परिषदेत हा ठराव मांडला. बाजूने १२ मतं पडली, भारत आणि रशियाने विरोध केला, चीन तटस्थ राहिला. रशियाच्या नकाराधिकाराने ठराव पडला. भारताचं म्हणणं असं की हवामानाचे निर्णय जिथे सगळे देश बसतात त्या हवामान परिषदेतच व्हावेत. पाच कायम सदस्यांच्या खोलीत गेले तर ज्यांनी धूर जास्त सोडला तेच न्याय देणार. हा युक्तिवाद आम्हाला पटतो. पण तो मांडणाऱ्याने शेजाऱ्यांशी पुराचे आकडे वाटून घेण्याची यंत्रणाही उभी करायला हवी, नाहीतर नुसता नकार उरतो.

प्रश्न : माझ्याकडे पाइपचा गॅस आहे, माहेरी सिलिंडर. आखातात तणाव वाढला की कोणाला आधी झळ बसते? (एक गृहिणी, नेरुळ)

माहेरी. देशात लागणाऱ्या एलपीजीपैकी सुमारे ६० टक्के आयात होतो, आणि त्यातला बहुतेक होर्मुझच्या सामुद्रधुनीतून येतो. ही सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी सुमारे २१ सागरी मैल आहे आणि २०२४ मध्ये तिथून रोज सुमारे २ कोटी बॅरल तेल जात होतं, म्हणजे जगाच्या वापराच्या एक पंचमांश. विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पाडूर इथल्या भूमिगत साठ्यांची क्षमता ५३.३ लाख टन आहे, पण ती कच्च्या तेलाची. कच्चं तेल शुद्ध करून मिळणारा एलपीजी थोडाच असतो, त्यामुळे तेलाचा साठा आहे म्हणून सिलिंडर मिळेल असा हिशेब करता येत नाही. घरगुती पाइप गॅसला देशात निघणारा गॅस अग्रक्रमाने मिळतो, म्हणून तुमची शेगडी जास्त काळ तग धरते. दर मात्र वाढू शकतात.

माहेरी जादा सिलिंडर साठवायला सांगू नका, बंद घरात ते धोक्याचं आहे. एक इंडक्शन शेगडी असू द्यावी. चौघांच्या स्वयंपाकाला दिवसाला अडीच ते तीन युनिट लागतात. २,००० वॉटची शेगडी ६ अँपिअरच्या सॉकेटवर लावली तर सॉकेट वितळतो; १६ अँपिअरचा सॉकेट आणि त्यापर्यंत किमान २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर हवी.

प्रश्न : घोडबंदर रोडवर आमची २२ मजली इमारत आहे, १२० सदनिका. वीज दिवसभर गेली तर पाणी वर चढवायला किती जनरेटर, किती डिझेल लागेल? (एका सोसायटीचे सचिव)

हा हिशेब प्रत्येक सोसायटीने लिहून ठेवावा. १२ ऑक्टोबर २०२० ची सकाळ आठवत असेल : पडघे-कळवा ४०० केव्हीच्या वाहिन्या एकामागून एक बंद पडल्या, भार पुणे-खारघर वाहिनीवर गेला, तीही तुटली आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई अंधारात गेली. पुढे सायबर हल्ल्याचा संशय राज्य सरकारने बोलून दाखवला, तर केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चूक म्हटली. कारण काहीही असो, वरच्या टाक्या दुपारपर्यंत रिकाम्या होतात.

माणशी १३५ लिटर, घरटी चार माणसं : दिवसाला ६४,८०० लिटर. उंची आणि पाइपातलं घर्षण धरून ७५ मीटर. एवढं पाणी चढवायला पंप आणि मोटरची एकत्रित कार्यक्षमता ५० टक्के धरली तर सुमारे २६ युनिट लागतात, म्हणजे १० एचपीचा पंप तीन तास. डिझेल ८ ते १० लिटर. आणीबाणीत माणशी ७० लिटर ठरवलंत तर सगळं निम्म्यावर येतं.

जनरेटर मात्र युनिटवर ठरत नाही, पंप सुरू होतानाच्या झटक्यावर ठरतो. मोटरला थेट पूर्ण व्होल्टेज देणारा साधा डीओएल स्टार्टर असेल तर सुरुवातीला सहा-सात पट करंट ओढला जातो आणि १५ केव्हीएचा जनरेटर बंद पडतो. २५ ते ३० केव्हीए लागेल. मोटरचा वेग हळूहळू वाढवणारं व्हीएफडी बसवलंत तर १५ केव्हीएवर काम होतं. लिफ्ट आणि पंप एकाच वेळी सुरू होणार नाहीत असं इंटरलॉक करून घ्या. अग्निशमनाच्या टाकीतलं पाणी कोणत्याही कारणाने वापरू नका.

आणि जनरेटरच्या दुरुस्तीनंतर एक तपासणी हमखास राहून जाते. तीनपैकी दोन फेजच्या वायरी उलट जोडल्या गेल्या तर पंप उलटा फिरतो. आवाज नेहमीसारखा येतो, डिझेल जळतं, पण वरच्या टाकीत धार येत नाही. दुरुस्तीच्या दिवशीच पंप जनरेटरवर पाच मिनिटं चालवा, मोटरच्या मागच्या पंख्याची दिशा केसिंगवरच्या बाणाशी जुळते का पाहा, आणि एक जण गच्चीवर टाकीपाशी उभा ठेवा.