परत मारायची घाई

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

हुबळीच्या बुद्धिबळ स्पर्धेतली तुझी स्कोअरशीट, म्हणजे चाली लिहिलेला कागद, मिळाली. काल रात्री पट मांडून डाव दोनदा खेळून बघितला. चोविसाव्या चालीला त्याच्या घोड्याने तुझा हत्ती मारला आणि तू लगेच राजाने घोडा घेतलास. शेजारी लिहिलेली वेळ बघितली, मिनिटभरसुद्धा थांबला नाहीस. एवढी घाई कशाला करायलास?

आज एकच डाव दाखवतो. जानेवारी २०१३, नेदरलँड्समधलं वाईक आन झी. पांढऱ्याकडून आर्मेनियाचा अरोनियन, काळ्याकडून आपला विश्वनाथन आनंद, तेव्हाचा विश्वविजेता. तेराव्या चालीला अरोनियनच्या घोड्याने एच७ वरचं (उभी रांग एच, आडवी सातवी) प्यादं खाऊन एफ८ च्या हत्तीवर डोळा ठेवला. आनंदने हत्ती हलवलाच नाही. घोडा जी४, उंट सी५, आणि सोळाव्या चालीला दुसरा घोडा ई५. आता पटाकडे नीट बघ: आनंदचा हत्ती, उंट, दोन्ही घोडे, चारही माऱ्यात! पांढऱ्याने एफच्या प्याद्याने ई५ चा घोडा मारला तर? काळ्या वजिराचा डी४ वरून शह, राजा एच१ ला, मग वजीर थेट जी१ वर. हत्तीने घ्यावाच लागतो, आणि घोडा एफ२ वर येऊन मात. आपल्याच मोहऱ्यांत कोंडलेला राजा. हे पहिल्यांदा खेळून बघितलं तेव्हा माझा हात थरथरला होता.

अरोनियन त्यात सापडला नाही. एकोणिसाव्या चालीला त्याच्या घोड्याने हत्ती मारला. अगदी तुझीच जागा. आनंदने घोडा परत मारला नाही, एफचं प्यादं दोन घरं सरकवलं. सी२ वरून एच७ कडे येणारी पांढऱ्या वजिराची वाट बंद, जी४ च्या घोड्याला आधार, आणि आपला वजीर एच४ ला यायला मोकळा. ते अडवायला पांढरा घोडा जी६ वर आला आणि पुढच्याच चालीनंतर वजिराने तिथंच मारला गेला. तेविसाव्या चालीनंतर अरोनियनने डाव सोडला.

ही तयारी आनंदने २०१२ च्या मॉस्कोतल्या, इस्रायलच्या गेल्फंडविरुद्धच्या विश्वविजेतेपदाच्या लढतीसाठी केलेली, तिथं ती वापरायची वेळच आली नाही. ओपनिंगच्या, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींच्या, वह्या रद्दीत घालतो म्हणालास ना, घालू नकोस.

रविवारी खानापूरहून सकाळच्या बसने ये. मोबाईल आईजवळ ठेवून ये. तुझा डाव चोविसाव्या चालीपर्यंत मांडून ठेवतो. घोडा न मारता काय खेळता येतं, ते तू मला दाखव.

तुझे सर