पंप खरंच गेलाय का? गाडीबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी पेट्रोल गाडी सकाळी पहिल्यांदा सेल्फ घेते पण चालू होत नाही, दोन-तीनदा मारला की होते आणि मग दिवसभर काही त्रास नाही. मेकॅनिक लांबूनच म्हणाला फ्युएल पंप गेला, अख्खा सेट बदलू. बदलू का?

उत्तर : थांबा जरा. फ्युएल पंप म्हणजे टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडे ढकलणारा पंप, तो खरंच गेला असता तर दिवसभर गाडी इतकी गुणी वागली नसती. उद्या सकाळी एक करून बघा, चावी नुसती ऑन करा, सेल्फ मारू नका, दोन-तीन सेकंद थांबा, ऑफ करा, परत ऑन करा, असं तीनदा करून मग सेल्फ मारा. चावी ऑन केली की बहुतेक गाड्यांमध्ये पंप साधारण २ सेकंद फिरून लाईनमध्ये (पेट्रोलच्या नळीत) प्रेशर तयार करतो आणि थांबतो. तीनदा केल्यावर गाडी पटकन चालू झाली तर समजा की रात्रभरात लाईनमधलं प्रेशर उतरतंय. आता ते पंपातल्या एकतर्फी व्हॉल्व्हमधून उतरतंय, रेग्युलेटरमधून (प्रेशर ठरावीक ठेवणारा भाग) की एखादा इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारा भाग) ठिबकतोय, हे गेज (प्रेशर मोजायचं मीटर) लावल्याशिवाय कळणार नाही. साध्या इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांना साधारण ३ ते ४ बार (प्रेशर मोजायचं एकक) प्रेशर लागतं, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. गेज लावायला फार वेळ जात नाही, तेवढं न करता पंप बदला म्हणणाऱ्याला सरळ विचारा, प्रेशर किती आलं?

प्रश्न : आमची तर चालता चालता बंद पडली, आता पंपाचा आवाजच येत नाही. म्हणजे गेलाच ना?

उत्तर : शक्यता आहे, पण आवाज नाही म्हणजे पंप मेला असं नसतं, त्याला करंटच मिळत नसेल. आधी फ्यूज बघा, मग रिले (पंपाला करंट सोडणारा छोटा स्विच) काढून शेजारचा तसाच दुसरा रिले लावून बघा (हॉर्नचा बरेचदा सारखा असतो, पण नंबर जुळवा), काही गाड्यांमध्ये धक्का बसला की पेट्रोल तोडणारा स्विच असतो तोही बघा. मग पंपाच्या कनेक्टरवर मीटर लावा आणि कोणाला तरी चावी ऑन करायला सांगा, कारण करंट ते दोनच सेकंद येतो, तुम्ही एकटे पुढून मागे पळत याल तोवर संपलेला असतो. तिथे बॅटरीच्या जवळपास व्होल्टेज आलं, अर्थ (बॉडीला जोडलेली निगेटिव्ह वायर) पक्का आहे आणि तरी पंप गप्प, तर मग पंपच. काही नव्या गाड्यांमध्ये पंप वेगळ्या इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलवर चालतो, तिथे साध्या मीटरवर विसंबू नका.

हे सगळं एवढं का सांगतोय, कारण मी स्वतः हा गाढवपणा केलाय. नवीन पंप बसवला, गाडी ढिम्म. शेवटी डिकीतलं कार्पेट उचललं तर अर्थच्या वायरचा बोल्ट हिरवा पडलेला, पॉलिश पेपरने घासला आणि गाडी एका सेल्फात चालू. जुना पंप अजून कपाटात आहे, चांगला आहे बिचारा.

प्रश्न : पंप घरी बदलता येतो का?

उत्तर : येतो, पण हे ऑइल बदलण्यासारखं काम नाही, पेट्रोलच्या वाफेशी खेळ आहे. टाकी पाव भागाच्या खाली असेल तेव्हा करा, मोकळ्या जागेत करा, जवळपास सिगारेट, गॅसचा बर्नर, उघडा बल्ब काही नको, अग्निशामक हाताशी हवा. इंजिन चालू ठेवून पंपाचा फ्यूज काढा, गाडी आपोआप बंद पडेल, दोनदा सेल्फ मारा म्हणजे लाईनमधलं प्रेशर उतरेल, आणि मग बॅटरीची निगेटिव्ह काढा. बऱ्याच गाड्यांमध्ये मागच्या सीटखाली झाकण असतं, नसेल तर टाकीच उतरवावी लागते आणि ते काम गॅरेजलाच द्या. झाकणावरची धूळ आधी पुसून घ्या, नाहीतर सगळी टाकीत जाते. पंपाचा सेट टाकीत धरून ठेवणारी गोल रिंग स्टीलच्या छिन्नीने ठोकू नका, ठिणगी उडते, पितळेची किंवा लाकडी वापरा. सेट वर काढताना तिरका करत काढा, फ्लोटची (पेट्रोलची पातळी दाखवणाऱ्या तरंगत्या भागाची) तार वाकली तर नंतर पेट्रोलचा काटा कायमचा खोटं बोलतो. खालची जाळी आणि वरची रबर रिंग नवीनच टाका, जुनी रिंग फुगलेली असते, परत बसत नाही. बसवल्यावर सेल्फ मारायच्या आधी चावी तीन-चारदा ऑन-ऑफ करून लीक बघा आणि मगच सीट लावा.

प्रश्न : सारखी रिझर्व्हवर गाडी चालवली तर पंप खराब होतो म्हणतात, खरं का?

उत्तर : खरं आहे. टाकीतला पंप पेट्रोलनेच थंड होतो आणि त्याचं वंगणही तेच. पेट्रोल कमी पडलं की पंप हवा ओढतो, तापतो, घासतो. एकदा रिझर्व्हला गेली म्हणून काही होत नाही, रोजची सवय वाईट. मागून बारीक कुंईऽऽ असा आवाज पूर्वीपेक्षा मोठा येत असेल तर लक्ष ठेवा. आणि फिल्टर बाहेर असेल तर वेळेवर बदला, चोंदलेल्या फिल्टरमधून ढकलून ढकलून पंप दमतो आणि शिव्या पंपालाच बसतात. चढावर किंवा पूर्ण अॅक्सिलरेटर दिल्यावरच गाडी दम सोडत असेल तर आधी फिल्टर.

प्रश्न : डिझेललाही हेच सगळं लागू का?

उत्तर : फ्यूज, रिले, फिल्टर इथपर्यंत हो. पण कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून डिझेल देणाऱ्या) गाडीत पुढे जो हाय प्रेशर पंप असतो तिथे १००० बारच्या वर प्रेशर जातं, चालू इंजिनवर लीक शोधायला तिथे बोट लावू नका, डिझेलची धार कातडीतून आत शिरते. असं झालंच तर जखम टाचणीएवढी दिसली तरी तडक हॉस्पिटल गाठा.