वाचक विचारतात : टॅटू स्टुडिओ काढताना पैसा कुठे घालावा?

प्रश्न : मी चित्रकला शिकलो असून गेले वर्षभर कृत्रिम त्वचेवर टॅटूचा सराव करीत आहे. पाच-सहा मित्रांच्या हातांवर छोटे टॅटूही काढले आहेत. आता स्वतःचा स्टुडिओ सुरू करावा असे वाटते. साठवलेल्या पैशांपैकी मोठा भाग उत्तम मशीन आणि सजावटीवर खर्च करावा का? आणि दर कसे ठरवावेत?

उत्तर : आपल्या पत्रात मशीन आहे, सजावट आहे, हात धुण्याचे बेसिन मात्र कुठेच नाही. या व्यवसायात पहिल्या वर्षीचा पैसा ग्राहकाला सहसा न दिसणाऱ्या गोष्टींवर आधी खर्च व्हावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मध्यम प्रतीच्या रोटरी, म्हणजे छोट्या मोटरवर चालणाऱ्या, मशीनवरही स्वच्छ रेषा येते; बेपर्वा हाताला मात्र महागडे मशीन वाचवत नाही.

टॅटू काढताना सुई दर वेळी रक्ताच्या संपर्कात येऊ शकते, आणि हिपॅटायटिस बीचा विषाणू कोरड्या पृष्ठभागावर निदान ७ दिवस तग धरतो. त्यामुळे स्वतःच्या लसीकरणाविषयी डॉक्टरांशी आजच बोला. या लसीचे नेहमीचे ३ डोस पूर्ण होण्यास सुमारे ६ महिने लागतात. सुरुवातीला एकदाच वापरून टाकण्याच्या निर्जंतुक कार्ट्रिज सुयाच (मशीनला जोडायच्या छोट्या नळीत बसवलेल्या सुया) घ्या, आणि त्याही आत पडदा असलेल्या, कारण पडदा नसेल तर रक्तमिश्रित शाई उलट वर चढून मशीनमध्ये शिरते. पुन्हा वापरायची साधने ठेवणार असाल तर ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेच्या दाबाने साधने निर्जंतुक करणारे यंत्र, हवेच. उकळते पाणी किंवा सॅनिटायझर त्याची जागा घेऊ शकत नाही. १२१ अंश सेल्सिअस तापमानाची दाबाखालील वाफ ठरलेला वेळ साधनांना मिळाली पाहिजे, आणि यंत्र खरोखर काम करते आहे की नाही हे बीजाणू-चाचणीने, म्हणजे जिवाणूंचे चिवट बीजाणू आत ठेवून ते मरतात का हे पाहून, वेळोवेळी तपासले पाहिजे.

खरी चूक बहुधा याहून साध्या जागी होते. काम रंगात आलेले असते, फोन वाजतो, ग्लोव्ह घातलेला हात फोन उचलतो आणि तोच हात पुन्हा त्वचेवर येतो. शाईचेही तसेच आहे. २०११च्या अखेरीस न्यूयॉर्क राज्यात एकाच कलाकाराकडून टॅटू काढून घेतलेल्या १९ जणांना चिवट पुरळ उठले. त्या कलाकाराने वापरलेल्या तयार राखाडी शाईत मिसळलेल्या डिस्टिल्ड पाण्यावर संशय आला. डिस्टिल्ड म्हणजे निर्जंतुक नव्हे, हा फरक अनेक अनुभवी मंडळीही विसरतात. शाई पातळ करायची असेल तर त्यासाठीचे निर्जंतुक द्रावणच वापरा आणि छोट्या कपात उरलेली शाई, कितीही जिवावर आले तरी, फेकून द्या.

सरावाविषयी थोडे कठोर लिहितो. शाई त्वचेच्या वरच्या थराखाली, साधारण १ ते २ मिलिमीटर खोलीवर बसावी लागते. ती वरच राहिली तर त्या थराबरोबर झडून जाते; फार खोल गेली तर रेषेभोवती निळसर धूसर कडा पसरते. कृत्रिम त्वचा श्वासाबरोबर हलत नाही, सुजत नाही आणि दुखले म्हणून हात मागे घेत नाही. म्हणून जागा भाड्याने घेण्यापूर्वी अनुभवी कलाकाराच्या हाताखाली वर्षभर तरी काम करावे. परवाना, वयाची अट आणि सुयांच्या विल्हेवाटीचे नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे असतात. त्यांची चौकशीही भाडेकरारावर सही करण्याआधीच करावी.

दरांबाबत सांगायचे तर, नवख्याने तासाप्रमाणे पैसे घेऊ नयेत, कारण आपल्या संथ हाताचा भुर्दंड ग्राहकाने का सोसावा? कामागणिक दर ठरवा, कमीत कमी शुल्क निश्चित करा, कारण बोटभर टॅटूलाही नवी सुई, ग्लोव्ह आणि आवरणे तेवढीच लागतात, आणि जखम भरल्यानंतरच्या एका डागडुजीचा खर्च आधीच त्यात धरा. आगाऊ रक्कम घेतल्याशिवाय वेळ राखून ठेवू नका. मद्य घेऊन आलेल्याला, वयाचा पुरावा नसलेल्याला, त्वचेवर पुरळ असलेल्याला परत पाठवावे लागेल. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्याला किंवा जखमेचे व्रण फुगून वाढण्याची प्रवृत्ती असलेल्याला आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यायला सांगावे. ही माहिती संमतिपत्रात लेखी विचारा; तोंडी विचारले की लोक घाईने ‘नाही’ म्हणतात.

तूर्त एक करा. त्या पाच-सहा मित्रांना बोलवा आणि काढून तीन महिने उलटलेले टॅटू दिवसाच्या उजेडात नीट पाहा. रेषा कुठे तुटली, कुठे पसरली, कुठे रंग विरळ झाला, ते टिपून ठेवा. जे टॅटू टिकले असतील त्यांचेच फोटो मित्रांना विचारून आपल्या संग्रहात लावा, कारण ताजा टॅटू सगळ्यांचाच छान दिसतो आणि जाणकार ग्राहक भरलेल्या जखमेवरचा टॅटू दाखवायला सांगतो.