जपानी बोलताना आदर किती राखावा?
सुरुवातीचे काही महिने आपण ‘देस्’ आणि ‘मास्’ यांनी संपणारी वाक्येच निर्धास्तपणे वापरावीत. दुकानदार, शिक्षक, शेजारी अशा कोणाशीही ती शोभतात. ‘तुम्ही’साठी सर्रास ‘आनाता’ म्हणणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक आहे. त्याऐवजी समोरच्याच्या आडनावाला ‘सान’ जोडावे, स्वतःच्या नावाला मात्र कधीही जोडू नये. मराठी माणसाला खरे अवघड जाते ते वेगळेच: आपण आपल्या साहेबांचा उल्लेख परक्यांपुढेही आदरार्थी बहुवचनानेच करतो, तर जपानी कर्मचारी बाहेरच्या ग्राहकाशी बोलताना स्वतःच्या वरिष्ठाच्या नावाला लागणारा ‘सान’ गाळतो, कारण त्या क्षणी वरिष्ठही ‘आपल्यातला’ ठरतो. सोन्केइगो (समोरच्याला मोठेपणा देणारी भाषा) आणि केन्जोगो (स्वतःकडे कमीपणा घेणारी भाषा) यांच्या वाटेला तूर्त जाऊ नये. ॲनिमेतले ‘ओरे’ (रांगडा ‘मी’) आणि ‘ओमाए’ (उद्धट ‘तू’) मात्र आजच विसरावेत.