कुत्र्याच्या छत्र्या आणि इतर शंका

जून सरला की या सदराच्या टपालात बुरशीचा हंगाम सुरू होतो. आलेल्या पत्रांपैकी पाच येथे घेतली आहेत. पत्रे पाठवताना वाचकांनी बहुधा नुसत्या छत्रीचे छायाचित्र जोडले आहे. यापुढे ती कशावर उगवली आहे, तेही कृपया दाखवावे, कारण अर्धे उत्तर तिथेच असते.

घोडबंदर रस्त्यावरील आमच्या सोसायटीच्या हिरवळीत एका रात्रीत ताटलीएवढ्या पांढऱ्या छत्र्या उगवल्या. मुले तिथेच खेळतात. या विषारी आहेत का, आणि त्यांचा नायनाट कसा करावा?

छत्री हे बुरशीचे फळ असते. खरा जीव म्हणजे मातीत पसरलेले धाग्यांचे जाळे, ज्याला आपण कवकजाल म्हणतो, आणि ते तुमच्या हिरवळीखाली, बांधकामाच्या वेळी गाडल्या गेलेल्या लाकडाच्या तुकड्यांवर किंवा शेणखतावर, कदाचित कित्येक वर्षे जगत असेल. छत्रीचे सगळे भाग जमिनीखाली आधीच तयार असतात आणि पाऊस पडला की पाणी शोषून फुगतात, म्हणून ते एका रात्रीचे काम वाटते. कुत्र्याचा त्यात काही हात नसतो. बिचाऱ्याचे नाव उगाच जोडले गेले आहे.

तुमच्या छायाचित्रात टोपीवर तपकिरी खवले आणि देठावर कडे दिसते. खात्रीसाठी एक छत्री देठ कापून, टोपीच्या खालच्या पात्या कागदावर टेकतील अशी ठेवा, वर वाटी झाका आणि सकाळी पाहा. कागदावर फिकट हिरवट भुकटीचा चक्राकार ठसा उमटला, तर ती क्लोरोफायलम मॉलिब्डायटीस असण्याची शक्यता मोठी आहे. ही हिरवळीत नेहमी आढळणारी जात खाल्ल्यास काही तासांतच जोरदार उलट्या आणि जुलाब होतात. हात लावल्याने मात्र काही होत नाही. लहान मुले आणि पाळीव कुत्री असतील, तर छत्र्या दिसताच उपटून टाकाव्यात, हात धुवावेत आणि पुढच्या पावसात त्या पुन्हा येतील हे गृहीत धरावे. औषध फवारण्याच्या खर्चात कृपया पडू नये.

येऊरच्या बाजूने येणाऱ्या आदिवासी बायका पावसाळ्यात अळंबी विकतात. ती घेणे सुरक्षित आहे का? बटण मशरूमसारखी त्यांची शेती का होत नाही? शिवाय सासूबाई विचारतात की ती श्रावणात चालतात का.

पावसाळ्यात पानांत बांधून येणारी ही अळंबी बहुतेक वेळा टर्मिटोमायसीस या गणातील असतात आणि त्यांची शेती आधीपासूनच होत आहे, फक्त शेतकरी आपण नव्हे, वाळवी आहे. वाळवीचे कामकरी लाकूड आणि पालापाचोळा खाऊन वारुळात परततात आणि त्यांच्या विष्ठेतून स्पंजासारखे पोळे रचले जाते. त्या पोळ्यावर बुरशी वाढते, लाकडातील चिवट लिग्निन आणि सेल्युलोज फोडते, आणि मग वाळवी ते मऊ झालेले पोळे व त्यावरचे साबुदाण्यासारखे पांढरे दाणे खाते. ही भागीदारी सुमारे 3 कोटी वर्षांपूर्वी आफ्रिकेत सुरू झाली. वारुळातील उष्णता, ओलावा आणि वाळवीची अखंड साफसफाई ही सगळी व्यवस्था कारखान्यात अजून कोणालाही व्यापारी पातळीवर उभी करता आलेली नाही. अळंबीच्या देठाखाली जपून उकरत गेलात, तर मुळासारखे निमुळते शेपूट हात-दीड हात खोल, थेट त्या पोळ्यापर्यंत गेलेले सापडते. एकदा ते अखंड निघाल्याचा आनंद मी अजून विसरलेलो नाही.

सुरक्षिततेविषयी एवढेच म्हणेन की वर्षानुवर्षे तीच अळंबी तोडणाऱ्या आणि घरी खाणाऱ्या माणसाच्या ज्ञानावर माझा विश्वास आहे; मोबाइलवर चित्र जुळवून स्वतः तोडणाऱ्यावर नाही. चांदीचे नाणे काळे पडते का, लसूण काळवंडतो का, किडे लागले आहेत का, या कसोट्यांना काहीही आधार नाही. अमॅनिटा गणातील काही जातींमधील विष शिजवूनही जात नाही. त्याची लक्षणे सहा ते बारा तासांनी किंवा त्याहूनही उशिरा दिसतात आणि तोवर यकृताला इजा होऊ लागलेली असते. येऊरचे जंगल राष्ट्रीय उद्यानाचा भाग असल्याने तिथे जाऊन आपण काही तोडणे कायद्यातही बसत नाही.

सासूबाईंचा प्रश्न मोठा मार्मिक आहे. रॉबर्ट व्हिटाकर यांनी 1969 मध्ये बुरशीला वनस्पतींपासून वेगळी सृष्टी दिली. तिच्या पेशींच्या भिंतीत कायटिन असते, जे कोळंबीच्या सालातही असते, आणि वंशावळीने ती झाडांपेक्षा प्राण्यांना जवळची आहे. या माहितीवरून श्रावणाचा निर्णय त्यांनीच करावा. मी त्यात पडणार नाही.

नेरूळमधील आमच्या इमारतीसमोरच्या गुलमोहराच्या बुंध्याला फळीसारखी, वार्निश लावल्यासारखी चकचकीत बुरशी आली आहे. ती खरवडून गेरू-चुना लावला. झाड वाचेल ना?

वर्णनावरून ही गॅनोडर्मा दिसते. तिच्या खालच्या पानांवर कोकोसारखी तपकिरी भुकटी पडली होती का, ते आठवून पाहा. ते तिचे बीजाणू. फळी खरवडणे म्हणजे आंबा तोडून झाड नाहीसे झाले असे समजण्यासारखे आहे. बुरशी आत, लाकडात आहे आणि फळी बाहेर येईपर्यंत आतले काम बरेच पुढे गेलेले असते. ती बहुतेकदा जखमेतून शिरते: केबलसाठी खणताना तोडलेली मुळे, गाडीने सोललेली साल. बुंध्यापर्यंत आणून भिडवलेल्या काँक्रिटने आधीच दुबळ्या झालेल्या झाडात तिचे फावते.

येथे एक भेद लक्षात घ्यावा. खोडाचा गाभा कुजून पोकळ झालेले झाड नळीसारखे वर्षानुवर्षे उभे राहू शकते, कारण जिवंत भाग सालीलगत असतो. कुजलेल्या फांदीत तांबट घर कोरतो, ढोलीत पोपट आणि पिंगळा राहतात. ती सगळी वस्ती बुरशीच्याच कृपेने असते. परंतु फळी जमिनीलगत, मुळांच्या सांध्यावर असेल, तर पावसाळी वाऱ्यात झाड मुळासकट उलथण्याचा धोका असतो. तुमच्या बाबतीत तसेच आहे. म्हणून पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाला लेखी कळवून तपासणी मागा आणि तोवर झाडाखाली गाड्या लावू देऊ नका. स्वतः छाटणी करू नका. 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली परवानगी लागते.

कोपरखैरणे येथील आमच्या घरात कपाटामागे काळी बुरशी आली आहे. 2021 मध्ये ऐकलेली ती हीच का?

नाही. त्या वर्षीचा आजार म्युकरमायकोसिस होता; त्यातील बुरशी स्वतः काळी नसते, रक्तपुरवठा तुटून मेलेली ऊती काळी पडते. भिंतीवर सहसा क्लॅडोस्पोरियम किंवा अस्परजिलस असते आणि दमा किंवा ॲलर्जी असलेल्यांना तिचा त्रास होतो. ती पुसण्याआधी गळती शोधा, कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. ओल तशीच ठेवून वर रंग काढलात, तर तिला नवे खाद्य दिलेत असे होईल.

ऐरोलीच्या खाडीकाठी तिवरांमध्ये फिरताना कुजका वास येतो. तो बुरशीचा असतो का?

तो वास चिखलातील जिवाणूंनी तयार केलेल्या हायड्रोजन सल्फाइडचा असतो. खोल चिखलात प्राणवायू नसतो आणि बहुतेक बुरशींना तो लागतो, म्हणून त्या वरच्या थरात, पडलेल्या पानांवर आणि लाकडावर काम करतात. तिवराचे कोरडे, चिवट पान खेकड्याला तसे फारसे पौष्टिक नसते. बुरशी आणि जिवाणू त्यावर वाढले की ते मऊ होते, त्यातील नत्राचे प्रमाण वाढते, आणि मग खेकडे, कोळंबी व इतर लहान जीव त्यावर जगतात. खाडीतल्या लाकडावर वाढणाऱ्या अनेक बुरशींच्या बीजाणूंना बारीक शेपट्या असतात. भरतीच्या पाण्यातून वाहत जाताना त्या शेपट्या लाकडाला अडकतात आणि बीजाणू तिथे टिकून राहतो. ओल्या पानावर सर्वांत आधी येणारे काही जीव दिसायला अगदी बुरशीसारखे असले, तरी ते तपकिरी शैवालांचे नातलग आहेत. त्यांच्यावर पुढे कधीतरी स्वतंत्रपणे लिहीन, कारण भिंगातून पाहतानासुद्धा मी त्यांना अनेकदा फसलो आहे.